वैद्यकीय संशोधनातील प्राणिप्रयोग : नीतिविचार

माणसाच्या रोगांचा आणि औषधांचा अभ्यास करण्यासाठी जिवंत प्राण्यांचा वापर करावा का, करायचाच झाला तर कोणत्या अटींवर, आणि त्या प्राण्याच्या यातनांचा हिशेब कोणी ठेवावा, यांसंबंधीचा विचार. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून निघालेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसांवरील प्रयोगांना आधी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा, असे सांगितले. तर १९५९ मध्ये रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी प्राण्याऐवजी पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. भारतीय नियमनाने तिला प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची जोड दिली.

भारतातील कायद्याचा पाया १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम हा आहे. त्याचे १४ वे कलम रोगांशी लढण्यासाठी व ज्ञानवृद्धीसाठी प्रयोगांना मुभा देते. १७ व्या कलमात मात्र एक अट विचार करायला लावणारी आहे : गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळणार असतील तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. पुढील कार्यपद्धतीतही हाच कल दिसतो. लहान प्राण्यांवरील प्रयोगांचा निर्णय संस्थेचीच नैतिकता समिती घेते, तर कुत्रा किंवा माकड हवे असेल तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. आकार हे वेदनेचे माप नव्हे, हे शरीरशास्त्र जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. तरी कायद्याने ते माप मानले आहे.

लहान-मोठ्या प्राण्यांमधील या भेदाचे ठळक उदाहरण सर्पदंशावरील प्रतिविषाचे आहे. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतीत साप चावला, तर रुग्णाला दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनलेले असते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे वाढवत टोचतात आणि काही काळाने रक्त काढून त्यातील प्रतिपिंडे (विष निष्प्रभ करणारी प्रथिने) वेगळी करतात. त्या घोड्याला विश्रांती मिळते, खुराक मिळतो, आणि तो पुन्हा उपयोगी पडावा म्हणून त्याला जपलेही जाते. प्रतिविषाची ताकद मात्र पांढऱ्या उंदरांवर तपासली जाते. १ मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०.६ आणि मण्यार व फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे, हे भारतीय मानक आहे. त्यासाठी विष व प्रतिविष यांचे मिश्रण उंदरांना टोचून किती मेले आणि किती जगले हे मोजतात. या चाचणीत मृत्यू हेच मोजमाप असल्यामुळे यातना कमी करण्याच्या सूत्राला येथे फारसा वाव उरत नाही.

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था असून तेथे प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. कर्करोग संशोधनात सामान्यतः प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या त्वचेखाली माणसाच्या कर्कपेशी वाढवतात, कारण निरोगी उंदराचे शरीर त्या पेशी नाकारते. गाठ ठरावीक दिवसांनी कॅलिपरने मोजली जाते आणि तिने आधीच ठरवलेली मर्यादा ओलांडली की त्या उंदराला वेदनारहित मृत्यू दिला जातो. ही मर्यादा प्रयोग सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलेली असणे फार महत्त्वाचे. नंतर ठरवायला गेले तर आणखी चार दिवसांची आकडेवारी मिळवण्याचा मोह आवरत नाही.

अशा उंदरांची एक उणीवही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ सारख्या पेशी-उपचारांत, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरणाऱ्या उपचारांत, रुग्णाची प्रतिकारयंत्रणा कधी कधी एकाएकी भडकते. ज्या उंदरात ती यंत्रणाच नाही, त्याच्यात हा धोका नीट दिसत नाही. प्राण्याचा जीव खर्ची पडतो आणि प्रश्न शेवटी रुग्णाच्या खाटेपाशीच सुटतो, हा प्राणिप्रयोगांच्या विरोधकांचा आक्षेप येथे बराचसा लागू पडतो.

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारतात २०१४ मध्ये बंद झाली. २०२३ मधील नियमदुरुस्तीनंतर नव्या औषधांच्या तपासणीत मानवी पेशी, चिपवरील अवयव (अवयवाच्या कार्याची नक्कल करणारी, मानवी पेशी असलेली छोटी उपकरणे) व संगणकीय प्रारूपे यांचाही वापर करता येतो.