बर्फ पडतोय आणि हवामान स्टेशन शून्य दाखवतंय? आधी हे वाचा

थंडी वाढली की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. बाहेर बर्फ पडतोय आणि कन्सोलवर पाऊस ०.०, मग दोन दिवसांनी लख्ख ऊन असताना तेच स्टेशन ६ मिमी दाखवतंय, म्हणजे सेन्सर गेला का? नाही गेला. टिपिंग बकेटवाल्या रेनगेजला (म्हणजे आतली छोटी बादली भरली की कलंडते आणि त्यावरून पाऊस मोजला जातो अशा पर्जन्यमापकाला) फक्त पाणी मोजता येतं. बर्फ वरच्या नरसाळ्यात साचून राहतो, वितळायला लागला की बकेट हलते, बहुतेक मॉडेल्समध्ये साधारण दर ०.२ मिमीला एकदा, त्यामुळे आकडा येतो पण चुकीच्या दिवशी येतो आणि कमीही येतो, कारण नरसाळं भरलं की वरचा बर्फ वाऱ्याने उडून जातो.

खरा त्रास पुढे होतो. नरसाळं मोकळं करायला बरेच जण त्यात गरम पाणी ओततात. कृपया हे करू नका. साडेसोळा सेंटीमीटर व्यासाच्या नरसाळ्यात लिटरभर पाणी म्हणजे जवळपास ४७ मिमी पाऊस, निम्मं जरी मोजलं गेलं तरी महिन्याची बेरीज गेली, शिवाय तेच पाणी खाली बकेटच्या खिळीपाशी परत गोठतं आणि बकेट अडकते, गारठलेलं प्लास्टिक तडकतं ते वेगळंच. मग युनिट आमच्याकडे येतं, इथे पोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि टेस्टिंगला सगळं नीट चालतं, तुमचे मात्र आठ-दहा दिवस रीडिंगशिवाय जातात. तडकलेलं नरसाळं आम्ही वॉरंटीत घेत नाही ते याचसाठी, तो बनावटीचा दोष नसतो.

मग मोजायचं कसं? साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक सिलिंडर ठेवा. थंडीत त्याचं नरसाळं आणि आतली बारीक नळी काढून टाका (नळीत पाणी गोठलं की ती फुटते), फक्त बाहेरचा सिलिंडर उघडा ठेवा. रिकाम्याचं वजन आधीच लिहून ठेवा, बर्फ थांबला की सिलिंडर आत आणा, बाहेरून कोरडा पुसा आणि डिजिटल काट्यावर ठेवा. १० सेंमी व्यासाच्या सिलिंडरला ७.८५ ग्रॅम म्हणजे १ मिमी, म्हणजे ९४ ग्रॅम वाढलं तर १२ मिमी. वितळवायचीही गरज नाही. पट्टीने उंची मोजून दहाने भागणारे खूप आहेत, पण भुसभुशीत कोरड्या बर्फात २० सेंमीला १० मिमी पाणी निघतं आणि ओल्या जड बर्फात ५ सेंमीलाच तेवढं, त्यामुळे त्या हिशोबावर आम्ही अजिबात विसंबत नाही.

वारा असेल तर सिलिंडरही फसतो, जोरदार वाऱ्यात निम्म्याहून जास्त बर्फ तोंडावरून निघून जाऊ शकतो. म्हणून आडोशाच्या जागी जमिनीवर ६० सेंमी चौरसाचा पांढरा रंगवलेला प्लायवूड टाकून ठेवा, सिलिंडर उलटा करून त्यावर दाबा, तेवढाच बर्फ कापून घ्या आणि त्याचं वजन करा. असा प्लाय आम्ही रंगवून, कापून देतो, घरी केलात तरी चालेल.

रेनगेजचं नरसाळं गरम ठेवणाऱ्या हीटर किटबद्दलही विचारतात. किट आमच्याकडे आहे आणि बर्फ कधी सुरू झाला, कधी थांबला हे त्याने बरंच नीट कळतं, पण त्याला मेनची वीज लागते, स्टेशनच्या सोलर पॅनलवर ते चालणार नाही, आणि हलक्या बर्फात काही भाग गरम नरसाळ्यावरूनच वाफ होऊन जातो. ज्यांना फक्त एकूण मिमी हवेत त्यांना आम्ही सिलिंडरच घ्यायला सांगतो, तो स्वस्तही पडतो.

सिलिंडरचा आकडा ज्या दिवशी बर्फ पडला त्या तारखेला स्टेशनच्या नोंदीत हाताने भरा आणि नंतर बर्फ वितळून स्टेशनवर आलेले मिमी त्या नोंदीतून काढून टाका, नाहीतर तोच बर्फ दोनदा मोजला जाईल. एवढं करूनही शंका राहिली तर युनिट पाठवू नका, नरसाळ्याचा वरून काढलेला फोटो आणि त्या दोन दिवसांचा तापमानाचा ग्राफ पाठवा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच आम्ही सांगू शकतो.