जुन्या कपड्यांचे दान (ग्रामीण विदर्भ)

वापरातून गेलेले, पण अंगावर घालण्याजोगे कपडे गरजूंपर्यंत पोहोचवण्याची रीत. ब्रिटनमध्ये असे कपडे धर्मादाय दुकानात दिले जातात. ते स्वस्तात विकून आलेला पैसा संस्थेच्या कामी लागतो. ऑक्सफॅम संस्थेने १९४० च्या दशकात ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर उघडलेले दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भाच्या खेड्यांत असे दुकान सहसा नसते. इथे कपडा ओळखीपाळखीने फिरतो: थोरल्याचा धाकट्याला, घरमालकिणीचा कामाला येणाऱ्या बाईला, गेलेल्या माणसाचा तेरवीनंतर गरजूला. काही जुनेर भांडेवालीच्या टोपलीत जाते आणि त्याच्या बदल्यात घरात एखादे पातेले येते.

या भागात वस्त्रदानाचा विचार गाडगेबाबांशिवाय पुरा होत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले बाबा स्वतः चिंध्या जोडलेले कपडे घालत. त्यांच्या दशसूत्रीत अन्न आणि पाणी यांच्या पाठोपाठ ‘उघड्यानागड्यांना वस्त्र’ येते.

जुना कपडा शेतात फार कामाचा. निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. त्याने ऊन अडते आणि वाळलेल्या बोंडाची टोके हाताला ओरबाडत नाहीत. वेचलेला कापूस ठेवायची कमरेची ओटीही जुन्या लुगड्याचीच. म्हणून असा एक धड शर्ट या बायांना चमकीच्या चार फ्रॉकांपेक्षा मोलाचा वाटतो. मऊ पडलेली सुती लुगडी व धोतरे गोधडीत जातात. थरावर थर अंथरून जाड दोऱ्याने धावते टाके घातले की हिवाळ्याची सोय होते. रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती रंगीत साड्या बांधतात. त्याला विटकी साडीही चालते.

गेल्या काही वर्षांत ‘माणुसकीची भिंत’ ही कल्पना तालुक्याच्या गावांपर्यंत आली. नको असेल ते ठेवायचे, हवे असेल ते न्यायचे. २०१५ च्या सुमारास इराणमधील मशहद शहरातून ती सर्वत्र गाजली. घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, हे तिचे बळ. पण रोज कुणी आवरासावर केली नाही, तर पहिल्याच पावसात तिथे ओल्या कपड्यांचा ढीग साचतो. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेल्या गूंज संस्थेने वेगळी वाट धरली. तिथे गावकरी गावाचे काम श्रमदानाने करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. सुती कापडापासून मासिक पाळीच्या घड्याही शिवल्या जातात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

धारणी, चिखलदरा हे मेळघाटातले तालुके आणि गडचिरोलीतील दुर्गम गावे इथे दिवाळीच्या सुमारास शहरांतून गाठोडी येतात. त्यांत फाटकी अंतर्वस्त्रे, चेन तुटलेल्या पँटी, डागाळलेले ब्लाऊज निघतात, आणि ही गोष्ट घेणाऱ्याचा अपमान करणारी आहे. कपडा धुऊन, वाळवून, गुंडी-नाडी लावून, बाईमाणसाचे, पुरुषांचे व लेकरांचे गठ्ठे वेगळे करून द्यावा. कोणत्या मापाचे कपडे हवेत, हे गावातल्या आशाताईंना किंवा शाळेच्या गुरुजींना आधीच विचारलेले बरे. स्वेटर, शाली आणि चादरी थंडी पडण्याआधी पोहोचाव्यात. लहान मुलांचे गरम कपडे बहुतेक गाठोड्यांत कमी पडतात.