फ्रीडनराइख, आर्थर

(१८ जुलै १८९२ – ६ सप्टेंबर १९६९). ब्राझीलमधील आरंभीच्या काळातील विख्यात फुटबॉलपटू. ‘एल् तिग्रे’ (वाघ) या टोपणनावाने प्रसिद्ध. जन्म व मृत्यू साऊँ पाउलू येथे. वडील ऑस्कर जर्मन वंशाचे व्यापारी, तर आई माथिल्दे आफ्रिकी वंशाची. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माआधी अवघी चार वर्षे, रद्द झाली होती. वडिलांच्या आडनावामुळेच त्याला १९०९ मध्ये जर्मनांच्या जेर्मानिया क्लबात प्रवेश मिळाला असावा. सामन्यापूर्वी कुरळे केस तेल व गरम टॉवेलने चापून बसवण्यात वेळ जाई आणि तो मैदानावर सर्वांत शेवटी उतरे, असे सांगतात.

राष्ट्रीय संघाचा पहिला सामना मानली जाणारी एक्झेटर सिटी या इंग्लिश क्लबविरुद्धची लढत (२१ जुलै १९१४, रिओ, २–०) तो खेळला. त्यात त्याचे दोन दात पडल्याची आख्यायिका आहे. १९१९ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत उरुग्वेविरुद्धची लढत २–२ अशी बरोबरीत सुटल्याने २९ मे रोजी निर्णायक सामना झाला. तो १५० मिनिटे चालला व १२२व्या मिनिटाला फ्रीडनराइखने एकमेव गोल केला. त्याचे बूट पुढे रिओतील एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या काचेत मांडण्यात आले. ब्राझीलचा संगीतकार पिशिंगिन्या याची ‘एक-शून्य’ ही संगीतरचना याच विजयावरची.

१९२१ च्या ब्वेनस आयरिस येथील स्पर्धेसाठी कृष्णवर्णीय खेळाडू पाठवू नयेत, असे राष्ट्राध्यक्ष एपितास्यू पेसोआ याने सुचवल्याचे म्हटले जाते. त्या संघात फ्रीडनराइख नव्हता, एवढे निश्चित. १९२२ च्या विजेत्या संघात मात्र तो होता. १९२५ मध्ये त्याच्या साऊँ पाउलूतील पाउलिस्तानू क्लबच्या यूरोप दौऱ्यात दहापैकी नऊ सामने जिंकले गेले. पॅरिसमध्ये फ्रेंच संघाचा ७–२ असा पराभव झाला. रिओ व साऊँ पाउलू येथील संघटनांच्या भांडणामुळे तो १९३० च्या विश्वचषकाला मुकला. १९३२ मध्ये केंद्र सरकारविरुद्ध झालेल्या साऊँ पाउलूच्या बंडात तो लढला. १९३५ मध्ये तो निवृत्त झाला.

गोलसंख्या : त्याच्या नावावर १,३२९ गोल सांगितले जातात आणि अनेक संदर्भग्रंथांत हाच आकडा उतरला आहे. याचा उगम असा दिला जातो : गोलांची टिपणे आधी वडिलांनी व नंतर पाउलिस्तानूमधील सहकारी मारिओ दे आंद्रादा याने ठेवली, त्यांनुसार १,३२९ सामन्यांत १,२३९ गोल होते. पत्रकार दे वाने याच्या लेखनात हे आकडे उलटे पडले व तसेच रूढ झाले. मूळ टिपणे उपलब्ध नाहीत. आलेशांद्रे दा कोस्ता याने तत्कालीन वृत्तपत्रे तपासून ५६१ सामन्यांत ५५४ गोल मोजले. दुसऱ्या एका गणनेत ५६२ सामन्यांत ५५८ येतात. दोन्हींतील फरक किरकोळ असून सामन्यामागे जवळजवळ एक गोल हे प्रमाण दोन्हींत टिकते. त्यामुळे सामनावार आधार असलेली ही संख्याच अधिक ग्राह्य वाटते. पेलेच्या हजाराहून अधिक गोलांशी त्याची तुलना जुन्या आकड्यावरच उभी आहे.