हार्ड डिस्क सुरू होत नाही? आधी वीज कुठे अडली ते शोधा

दारव्हा, आर्वी, ब्रम्हपुरी अशा तालुक्याच्या गावी लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांची अख्ख्या सीझनची कमाई एका बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये असते. सेवा केंद्रातली स्कॅन केलेली कागदपत्रे, शाळांचे जुने फोटो, तेही तिथेच. मग एखाद्या दिवशी डिस्क जोडली तर लाइट लागत नाही, आतून आवाज येत नाही, आणि सगळे गेले म्हणून माणूस हाय खातो. अशा वेळी डेटा बहुतेकदा जागेवरच असतो. आतल्या फिरत्या तबकडीवरची नोंद चुंबकीय असते, ती टिकायला वीज लागत नाही. वीज लागते ती तबकडी फिरवायला आणि नोंद वाचायला. म्हणून शोध घ्यायचा तो विजेचा, भिंतीवरच्या बोर्डापासून आतपर्यंत.

तळहातात मावणारी अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते, ५ व्होल्टवर. स्थिर तबकडीला वेग देताना मोटरला क्षणभर १ अँपियरच्या आसपास करंट लागतो. यूएसबी २ च्या पोर्टने नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपियर द्यायचे असतात, यूएसबी ३ ने ९००. बरेच पोर्ट त्याहून जास्त देतात म्हणून काम चालून जाते. पण जुन्या डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट, मध्ये एका पोर्टचे अनेक करणारा हब, त्यात लांब आणि बारीक केबल असे जुळून आले की मोटर उठता उठता बसते. लाइट लागतो, टिकटिक होते, पुन्हा सामसूम. अशा वेळी डिस्क थेट मागच्या पोर्टला, आखूड केबलने जोडून पाहावी. रुंद पिनची मूळ केबल गावात चटकन मिळत नाही. मात्र त्या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची मायक्रो-यूएसबी पिन बसते आणि डिस्क कमी वेगाने का होईना चालू शकते. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, आणि आपल्याकडे खरी गोम बहुधा तिथे असते. डिम लाइटला घाबरायचे फारसे कारण नाही, कारण असे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात. धोका व्होल्टेज चढण्याचा. डीपीजवळ न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज घरात येऊ शकते. अवकाळीच्या विजा कडाडतात तेव्हाही तारेवरून जोराचा झटका येतो.

दुसरा शत्रू उन्हाळा. अडॅप्टरमध्ये विद्युतभार साठवणारे कपॅसिटर असतात, त्यांत द्रव असतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद खोलीत चालू असलेला अडॅप्टर आतून त्याहून बराच जास्त तापलेला असतो. द्रव सुकत जातो. असा अडॅप्टर मल्टीमीटरवर चक्क १२ व्होल्ट दाखवतो आणि तरी डिस्क उठत नाही. रिकाम्या बंडीला ऐटीत चालणारा म्हातारा बैल कापूस भरला की चढावर बसतो, तसे हे आहे. म्हणून मीटरवरचा आकडा पुरेसा नाही, दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणे हीच खरी परीक्षा. त्याचे व्होल्ट तितकेच हवेत, अँपियर तितके किंवा जास्त, आणि पिनच्या आतबाहेर असलेल्या अधिक-उण्याची खूण जुळायला हवी. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर या तिन्ही गोष्टींत जुळला तर चालतो. जुना अडॅप्टर फोडून बघू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत विद्युतभार साठलेला असू शकतो.

पिन बसली म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावणे हा फार महागात पडणारा प्रकार. तिथेही आशा असते. डिस्कच्या हिरव्या सर्किटवर, विजेच्या जोडणीपाशी, बहुधा टीव्हीएस डायोड नावाचे छोटे काळे भाग असतात. व्होल्टेज चढले की ते स्वतः जळून शॉर्ट होतात आणि पुढचे सर्किट वाचवतात. मग डिस्क मुकी होते, आणि नवा अडॅप्टर लावला तरी शॉर्टमुळे त्याचाही लाइट विझतो. ही खूण दिसली तर जाणता कारागीर तो डायोड काढून डिस्क डेटा उतरवण्यापुरती चालू करू शकतो. पण तेव्हा अडॅप्टर अचूक हवा, कारण राखणदार आता उरलेला नसतो.

सारख्या मॉडेलचे जुने सर्किट आणून बदलण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. प्रत्येक सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच्याच डिस्कच्या हेडची, म्हणजे तबकडीवरची नोंद वाचणाऱ्या भागाची, मापे नोंदलेली असतात, दुसऱ्याची मापे चालत नाहीत. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपायही नको, त्याने आत दव धरते. आणि तबकडीचे झाकण उघडणे म्हणजे सर्वनाशच. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते, तर माणसाचा केस पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड असतो. जिनिंगच्या दिवसांत हवेत उडणाऱ्या तंतूंचे तर विचारूच नका.

वीज नीट मिळत असूनही ठराविक लयीत टकटक येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नये, हेड बिघडलेले असू शकते. डिस्क एकदा जरी सुरू झाली तर सर्वांत आधी दुसरीकडे कॉपी. फॉरमॅट करायचे का असे विंडोजने विचारले तर नाही म्हणा.

वेळ आलीच तर नागपूर-पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे नुसती डिस्क काढून देऊ नका. प्लॅस्टिकच्या डबीत यूएसबी आणि डिस्क यांच्यामध्ये एक छोटे सर्किट असते, आणि काही मॉडेलमध्ये डेटा कुलूपबंद करण्याचे काम तेच करते. ते हरवले तर उतरवलेला डेटा वाचता येणे अवघड होते. डबी, सर्किट, अडॅप्टर सगळे एकत्र बांधा, आणि चिठ्ठीवर लिहा: लाइन कधी आली-गेली, कोणता चार्जर लावला, आवाज कसा आला.