आयोनायझरमधली शिडी

घरगुती आयोनायझर, म्हणजे हवेत विजेचा भार असलेले कण (आयन) सोडून ती स्वच्छ करू पाहणारं यंत्र, उघडला की आत बहुतेक वेळा एकच गोष्ट भेटते: डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे) आणि कपॅसिटर (वीज साठवणारे) यांची एकाला एक जोडत नेलेली शिडी, आणि तिच्या टोकाला हवेत वीज सोडणारी सुई. गंमत अशी की या शिडीची सुरुवात झाली ती आयन मोजण्याच्या खटपटीतून. झुरिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर आयन मोजणारं उपकरण बनवत होता. त्याला दोन-तीनशे व्होल्ट हवे होते आणि गावातल्या वीजकेंद्राकडून मिळत होते ११०. तेव्हा १९१४ च्या सुमारास त्याने विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, दुप्पट करणारं सर्किट जुळवलं. १९२० मध्ये तीच कल्पना त्याने पायरीवर पायरी चढवत वाढवली.

पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी याच धर्तीवर सात लाख व्होल्टपर्यंत मजल मारली आणि १४ एप्रिल १९३२ रोजी लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. नोबेल मिळालं १९५१ मध्ये. सर्किटला नावही त्यांचंच चिकटलं. ग्राइनाखर बराचसा मागेच राहिला. त्या दिवशीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे, यंत्र चालू असताना वॉल्टन निरीक्षणाच्या खोपटापर्यंत चक्क रांगत गेला. उभं राहून चालायचं तर डोक्याशी लाखो व्होल्ट होते. सुरक्षिततेचा एवढा साधा नियम आजही दुसरा सापडणार नाही.

हवा स्वच्छ करायला वीज वापरायची कल्पना मात्र शिडीहून जुनी. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजने १८८० च्या दशकात विजेने धूर खाली बसवून दाखवला. पण वेल्समधल्या बॅगिल्टच्या शिसे गाळण्याच्या कारखान्यात, १८८५ मध्ये, तो प्रयोग फसला. हाताशी होतं विमशर्स्टचं, फिरत्या तबकड्यांनी स्थिर वीज तयार करणारं यंत्र. कारखान्याच्या धुरापुढे त्याचा जोर पुरला नाही. वीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियात रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेलकडे ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यातला प्रवाह एकदिश करण्याची सोयही होती. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी: तारेतून वीज हवेत नीट सुटत नव्हती. अंधारात त्याला दिसलं, की सुती आवरणाच्या तारेभोवती जांभळट उजेड पसरलाय. सुताची लव हीच हजारो बारीक सुयांचं काम करत होती. आज आयोनायझरमध्ये कार्बन तंतूंचा कुंचला असतो तो याच तत्त्वावर, आणि कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत विजेने राख अडवणारी ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) ही कॉट्रेलच्याच घराण्यातली.

ही सगळी मंडळी व्होल्टच्या मागे होती. घरी आयोनायझर जुळवणाऱ्याला व्होल्ट फुकटच मिळतात आणि तिथेच घात होतो. २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट. म्हणजे शिडीची प्रत्येक पायरी ६५० ची, आणि दहा पायऱ्यांत साडेसहा हजार. चिल्लर किमतीचे १एन४००७ डायोड हे सहज पेलतात. पण थेट प्लगवर चढवलेल्या शिडीचा पाया घरच्या लाइनला बांधलेला राहतो. टू-पिन प्लग उलटा बसला की जी तार आपण न्यूट्रल समजतो तीच फेज होते. लोक सुईला घाबरतात. जीव घेऊ शकते ती खालची बाजू. म्हणून मध्ये आयसोलेशन देणारा, म्हणजे लाइनशी थेट तारेची जोड न ठेवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मला विचाराल तर १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारं, इपॉक्सीत ओतलेलं तयार मॉड्यूल घ्यावं आणि शिडी कागदावरच समजून घ्यावी.

जुन्या टीव्हीचा एलओटी (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) काढून तो चालवण्याची हौसही बऱ्याच जणांनी केली. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागत आणि ट्यूब बंद सेटमध्येही चार्ज धरून ठेवी. म्हणून मेकॅनिक हात घालण्याआधी चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) वायर जोडलेला स्क्रूड्रायव्हर ट्यूबवरच्या रबरी कॅपखाली सरकवायचा; चट आवाज आला की मग काम. आयोनायझरला इतका जोर मुळात लागतच नाही.

सुईकडचा बचाव रेझिस्टर करतात. साडेसहा हजार व्होल्टपुढे २० मेगाओहम ठेवले तर सुईला बोट लागलं तरी प्रवाह एक मिलिअँपिअरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. सुईला मायक्रोअँपिअर पुरतात, त्यामुळे कामात काही उणं येत नाही. मात्र एकच मोठा रेझिस्टर नको, चार-पाच ओळीने लावावेत. एकट्याच्या अंगावरून ठिणगी उडी मारू शकते, आणि तो शॉर्ट झाला तर मागे काहीच उरत नाही.

राहिला वास. विद्युतयंत्राजवळचा तो वास डच शास्त्रज्ञ मार्टिनस व्हान मारुमने १७८५ मध्येच नोंदवला होता. बाझेलच्या शोनबाइनने १८४० मध्ये त्याला ओझोन हे नाव दिलं. ऋण (निगेटिव्ह) सुई धन (पॉझिटिव्ह) सुईपेक्षा जास्त ओझोन सोडते, म्हणून १९३० च्या दशकात वेस्टिंगहाऊस कंपनीच्या गेलर्ड पेनीने घरांसाठीचं हवा स्वच्छ करणारं यंत्र धन बाजूने बांधलं. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांना ओझोनची ०.०५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) मर्यादा आहे. बाजारातले बहुतेक आयोनायझर आजही ऋणच असतात, आणि खोलीत पावसानंतरच्या हवेसारखा वास आला की लोक खूश होतात. तो वास म्हणजे फुफ्फुसांना त्रास देणारा ओझोन; तो आला तर सुईचा दाब कमी करायला हवा.