गुग्गुळातला डिंक कुठे गेला? गुगुलिपिडच्या वादाची पार्श्वभूमी

कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ चालतो की नाही, हा वाद मुळात तीन वेगवेगळ्या द्रव्यांचा आहे. गुग्गुळाच्या झुडपातून पाझरणारा, डिंक आणि राळ एकत्र असलेला कच्चा गुग्गुळ, वैद्याने शोधन करून (काढ्यात उकळून, कचरा काढून) तयार केलेला शुद्ध गुग्गुळ आणि प्रयोगशाळेत काढलेले गुगुलिपिड. बोलताना तिन्हींना ‘गुग्गुळ’च म्हणतात, आणि एकाच्या चाचणीचा निकाल सर्रास दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

आधुनिक अभ्यासाला खरी सुरुवात झाली ती १९६६ साली, बनारसमधल्या एका प्रबंधाने. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात स्थौल्याचे, म्हणजे लठ्ठपणाचे, वर्णन आहे: मेद वाढतो, स्रोतसांचे (शरीरातल्या वाहिन्यांचे) मार्ग अडतात. त्यावरच्या उपचारांत शिलाजतू, गोमूत्र, त्रिफळा यांच्या पंक्तीत गुग्गुळ येतो. प्रबंधात या वर्णनाची सांगड धमन्यांत चरबी साचण्याशी घातली गेली. सशांना वनस्पती तूप खाऊ घालून त्यांचे कोलेस्टेरॉल चढवले आणि गुग्गुळ देऊन पाहिला. कोलेस्टेरॉल उतरले.

पुढची वीस वर्षे लखनौच्या प्रयोगशाळेत गुग्गुळाचे भाग पाडण्यात गेली, आणि वादाचे मूळ इथेच आहे. कच्चा गुग्गुळ एथिल ॲसिटेटमध्ये घातला की सुमारे ४५ टक्के विरघळतो, ५५ टक्के खाली राहतो. खाली राहतो तो मुख्यतः डिंक, म्हणजे कर्बोदके. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या भागाने मेद उतरला नाही, उलट अपायकारक परिणाम दिसले. म्हणून तो टाकायचे ठरले. विरघळलेल्या भागाचे आम्ल, आम्लारी आणि उदासीन असे वाटे केले. सूज उतरवणारा गुण आम्ल भागात सापडला, मेद उतरवणारा उदासीन भागात, आणि तिथेही किटोन जातीची संयुगे असलेल्या सुमारे १२ टक्क्यांत. त्यातून ई आणि झेड गुगुलस्टेरोन ही दोन संयुगे हाती आली. विरघळणारा हा अर्क म्हणजे गुगुलिपिड. त्यात दोन्ही मिळून किमान ४ टक्के गुगुलस्टेरोन हवे असे ठरले, आणि १९८६ मध्ये भारतात विक्रीला मंजुरी मिळाली.

आता शोधन कसे होते ते पाहा. गुग्गुळातले खडे, साल, वाळू निवडून त्याचे बारीक तुकडे करतात आणि कापडाच्या सैल पोटलीत बांधतात. भांड्यावर आडव्या ठेवलेल्या काठीला ही पोटली टांगून त्रिफळ्याच्या काढ्यात सोडतात. ती पूर्ण बुडायला हवी, पण तळाला टेकता कामा नये. मंद आचेवर गुग्गुळ हळूहळू काढ्यात उतरतो आणि कचरा पोटलीत राहतो. मग तो द्रव गाळून आटवायचा, तूप लावलेल्या ताटात पसरून सुकवायचा आणि तुपाचा हात लावत कुटायचा. आच जास्त झाली तर तळ करपतो, सुगंधी तेल उडून जाते आणि गोळी दगडासारखी होते. या सगळ्यात वापरतात ते पाणी, आणि पाण्यात आधी उतरतो तो डिंकच. राळ त्याच्या आधाराने दुधाळ होऊन येते. आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशातही कच्च्या गुग्गुळाला पाण्यात विद्राव्य अंश किमान ५३ टक्के आणि अल्कोहोलमध्ये किमान २७ टक्के अशी अट आहे. म्हणजे वैद्य जे राखतो तेच प्रयोगशाळेने टाकले.

दुसरा गुंता ‘पुराण’, म्हणजे जुना, या शब्दाचा. भावप्रकाशात नवा गुग्गुळ बृंहण म्हटला आहे आणि जुना अतिलेखन: नवा अंग भरतो, जुना मेद खरवडतो. नवा म्हणजे स्निग्ध, सोन्यासारखा, पिकल्या जांभळासारखा, सुगंधी आणि चिकट. जुना म्हणजे सुकलेला, दुर्गंधी, मूळ रंग गेलेला आणि ‘वीर्यवर्जित’, म्हणजे औषधी शक्ती उरली नसलेला. खरवडणाराही तोच आणि वीर्य नसलेलाही तोच, हे कसे जमावे? दोन ठिकाणचा ‘पुराण’ एकच नाही, एक साठवून मुरलेला आणि दुसरा पार निकामी झालेला, असे मानले तरच मेळ बसतो असे आम्हाला वाटते. पण मेद उतरवण्यासाठी गुग्गुळाचे वय ग्रंथाने इतके महत्त्वाचे धरले असताना गुगुलिपिडचा दर्जा ठरला तो निव्वळ गुगुलस्टेरोनच्या टक्केवारीवर. ही चूक अजून दुरुस्त झालेली नाही.

१९८९ च्या बहुकेंद्री भारतीय चाचणीत २०५ रुग्णांना आधी ८ आठवडे पथ्य आणि औषध नसलेली नुसती गोळी, मग १२ आठवडे ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीनदा दिले. ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. या भागात तुलनेला समांतर गट नव्हता, ही मोठी उणीव. २००३ च्या अमेरिकी चाचणीत तसा गट होता: १०३ जण, ८ आठवडे, २.५ टक्के गुगुलस्टेरोनचा अर्क १,००० किंवा २,००० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, नुसत्या गोळीवर ५ टक्क्यांनी उतरले, अर्कावर ४ ते ५ टक्क्यांनी चढले, आणि सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. मात्रा कमी पडली, हा आक्षेप टिकत नाही. भारतीय मात्रेत रोज किमान ६० मिलिग्रॅम गुगुलस्टेरोन पोटात जात होते, अमेरिकी चाचणीत ७५ किंवा १५०. भारतीय रुग्ण पथ्यावर होते, अमेरिकी मात्र नेहमीच्या पाश्चात्य आहारावर, हा आहाराचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही हा निकाल गुगुलिपिडचा आहे; त्रिफळ्यात शोधलेल्या गुग्गुळाला तो लागू करता येत नाही, तसेच १९८९ चे यशही त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

गुगुलस्टेरोन यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा जागी करते. गुगुलिपिडसोबत घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची औषधे रक्तात कमी पोहोचतात, हे माणसांत दिसले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

दरम्यान कच्च्या मालाचीच वाण पडू लागली आहे. राजस्थान आणि कच्छमधल्या या झुडपाला खोल चिरा देऊन, वर चीक वाढवणारी रसायने भरून एका हंगामात सगळा गुग्गुळ ओरबाडला जातो आणि झुडूप वाळते. २०१५ पासून ते जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. टंचाई झाली की बाजारात सालई या दुसऱ्याच झाडाचा डिंक ‘सालई गुग्गुळ’ या नावाने त्यात मिसळतो. चांगला गुग्गुळ उन्हात मऊ पडतो, विस्तवावर पेटतो आणि कोमट पाण्यात घोळला की दुधासारखा होतो. सालईत बॉस्वेलिक आम्ले असतात, गुगुलस्टेरोन नसते. त्यामुळे भेसळ नक्की ओळखायची तर गुगुलस्टेरोन मोजावेच लागते.