निशाणावरची शिकारी रायफल: थोडी पार्श्वभूमी

लाकडी दस्त्याची, बारीक नळीची जुनी शिकारी रायफल नेमबाजीच्या मैदानावर आणली की काहींना ती तिथे उपरी वाटते. मैदानासाठी जाड नळीच्या, जड, खास रायफली असतात ना? पण मागे वळून पाहिलं तर हे नातं फार जुनं आहे. नळीत पिळाचे आटे पाडलेली, म्हणजे गोळीला गिरकी देऊन सरळ धाडणारी बंदूक मध्य युरोपात रुळली, तेव्हापासून तिथे शिकारी आणि नेमबाज हा बहुधा एकच माणूस असे. आल्प्समधल्या टिरोल प्रांतात आणि स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजीची मंडळं गावोगाव होती. अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी हीच विद्या अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात नेली आणि तिथे लांब नळीची रायफल घडली. तीच शिकारीला जाई आणि तीच पैजेच्या निशाणावर चाले.

फारकत झाली एकोणिसाव्या शतकात. ब्रिटनमध्ये १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलने पहिली गोळी झाडली. स्टँडवर बसवलेली रायफल, म्हणजे माणसाच्या हाताची थरथरच वजा! पुढचा रोख त्यातच दिसतो. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंड आणि अमेरिकेचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले, अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. एवढ्या अंतरासाठी खास साइट (नेम जुळवायची खूण) आणि खास नळ्या लागू लागल्या. नेमबाजीची रायफल जड होत गेली आणि रानात दिवसभर खांद्यावर वागवायची रायफल हलकीच राहिली.

आज ज्यांना आपण ‘क्लासिक’ म्हणतो त्या रायफली याच्या नंतरच्या. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू तयार केली. गोळीचा वेग वाढला, तिचा मार्ग सपाट झाला, नळीचा व्यास घटला. १८९४ ची लिव्हरची, म्हणजे खालची दांडी पुढेमागे करून काडतूस भरायची विंचेस्टर जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यातून आली. तिच्यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. पुढच्याच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी टोपी असते, तिच्यावर मागच्याचं टोक टेकतं, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागते आणि लांबवर तिचा वेग लवकर पडतो. १८९९ च्या सॅव्हेजने फिरत्या मॅगझिनने, म्हणजे काडतुसं शेजारी शेजारी ठेवणाऱ्या गोल कप्प्याने, ही अडचण सोडवली. पण सगळ्यांवर छाप पडली ती पॉल माउझर यांच्या १८९८ च्या लष्करी बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याची. त्यातला लांब, रुंद पंजा काडतूस मॅगझिनमधून सुटताच त्याची कड पकडतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. १९३६ च्या विंचेस्टर मॉडेल ७० ने हाच पंजा उचलला. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला तो काढून टाकला, आणि तेव्हापासून त्याआधीच्या मॉडेल ७० ना वेगळाच मान आहे. मला तो मान रास्त वाटतो. तो बोल्ट मागेपुढे करताना काडतूस सतत ताब्यात आहे हे हाताला कळतं.

अशी रायफल बनवताना हिशेब धरलेला असतो तो थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीचा. बारीक नळी चार-पाच गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. लाकडी दस्ता दमटपणात फुगून नळीवर दाबला तरी तेच. त्यामुळे निशाणावर तिला घाई चालत नाही. गोळी झाडायची, थांबायचं, नळी निवू द्यायची. मी या संथपणालाच खरी मजा मानतो, कारण प्रत्येक गोळीला पहिल्या गोळीचं मोल राहतं. जुन्या दस्त्यांचा उतार उघड्या साइटच्या मापाने केलेला असतो. दुर्बीण बसवली तर गाल टेकायला नीट जागा उरत नाही, म्हणून उघड्या साइटनेच खेळणाऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

दरम्यान शिकारी रायफलीचं कसब प्राण्यांच्या आकाराच्या निशाणांत जिवंत राहिलं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘धावतं हरीण’ आलं: सरकत्या हरणाच्या आकृतीवर गोळी झाडायची. स्वीडनचे ऑस्कर स्वान तिथे साठाव्या वर्षी सुवर्ण जिंकले आणि १९२० मध्ये ७२ व्या वर्षी सांघिक रौप्य. ऑलिंपिकमधले ते आजही सर्वांत वयस्कर पदकविजेते. मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलीची ही स्पर्धा १९५६ नंतर ऑलिंपिकमधून गेली.

मेक्सिकोने दुसरी वाट काढली. तिथे पैजेसाठी जिवंत प्राणी लांब बांधून त्यांच्यावर नेम धरण्याची प्रथा होती. ती क्रूर होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिच्या जागी पोलादी आकृत्या आल्या हे फार चांगलं झालं. २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा. आकृतीला गोळी लागून भागत नाही, ती आडवी पडावी लागते. आणि नेम धरायचा उभ्याने, कशाचाही आधार न घेता. या खेळात शिकारी रायफलीसाठी स्वतंत्र गट आहे, आणि त्यात वजनाची मर्यादा असल्याने जाड नळीचा मार्ग बंद होतो.